तीसपर्यंत मोजायचं

साक्री सोडली की कान नदीचा पूल,
आणि पुलावरच वारा हेल्मेटात शिरतो.
आधीच सांगतो, नदीचं नाव खरंच कान आहे,
मी जुळवून आणलेलं नाही.

छडवेलच्या माळावर पवनचक्क्या. माझ्याकडे अकरा.
त्यांच्या पोटात गिअरबॉक्स, गिअरबॉक्सात बेअरिंग,
आणि बेअरिंग जायच्या आधी काही दिवस
बारीक कुरकुरतं,
जात्यात खडा आल्यासारखं.
कंपनीनं त्यासाठी यंत्र दिलंय.
मी यंत्र लावतो. मग कान लावतो.

जाऊन येऊन बावन्न किलोमीटर, सहा वर्षं.
हिशेब करू नका, मी केलाय.
रात्री दिवा मालवला की उजव्या कानात शिट्टी.
कुकरची नाही. कुणाचीच नाही.
घरात मी ओरडून बोलायचो म्हणे.
"मीठ दे" एवढंही असं,
की पलीकडे इंदूबाई लाटणं थांबवायच्या.

धुळ्याला आग्रा रोडवर गेलो.
दुकानातला पोरगा, डोळ्यांवर केस:
"काका, हे घ्या, आवाज खाऊन टाकतं."
चार हजार दोनशे.
दुकानात खरंच खाल्लं त्यानं सगळं,
रिक्षा, भाजीवाल्याचा भोंगा,
पोराचं स्वतःचं "कसं वाटतंय?"
पण कुसुंब्याच्या पुढे, साठच्या वेगात
त्याच्या इवल्याशा माईकनं वारा धरला
आणि मोठा करून मलाच वाढला.
नेरला चहासाठी हेल्मेट ओढलं तर डावा उडाला,
टपरीच्या राखेत सापडला. कोमट.

मग रबरी आणले, तीन टप्प्यांचे, दीपमाळेसारखे.
त्यांचं देठ हेल्मेटला टेकायचं
आणि निजामपूर येईपर्यंत कानात खिळा.
मग कापूस. कापसाबद्दल काय बोलायचं,
आमच्याकडे तो विकायचाच चांगला.

साइटच्या स्टोअरला गंभीरआप्पा.
हातमोजे, पट्टे, बूट यांच्या मागून
त्यांनी एक पुडी काढली. नारिंगी फोम.
"दहा रुप्याले जोडी. तुले फुकट.
वातीसारखा वळ. कान वर ओढ. घाल.
बोट ठेव, तीस लगून मोज."
मी बारावरच बोट काढलं.
आप्पांनी नुसतं पाहिलं. पुन्हा वळला.

त्या संध्याकाळी वारा थांबला नाही,
शेजारच्या खोलीत गेला.
दार लोटून घेतल्यासारखा.
आणि त्याच्या खालून बाकीचं वर आलं:
चेन सैल आहे,
मी चढावर आवंढा गिळतो,
मागचा ट्रक हॉर्न देतोय, तोही आला,
पण चप्पल काढून.

आता टॉवरखाली गाडी लावली की
दोन्ही काढून खिशात टाकतो.
वरून पाती म्हणतात, हूं, हूं.
ज्याच्यावर माझा पगार
त्यालाच वाटभर बाहेर उभा करून मी कामावर येतो.
तो काही मनाला लावून घेत नाही.

महिन्याभरानं इंदूबाईंनी जयमालाला विचारलं,
"भाऊ बाहेरगावी शेतस का?
भांडण ऐकू येत नाही हल्ली."
भांडण कधी नव्हतंच.
मी मीठ मागत होतो.

शिट्टी आहे अजून. डॉक्टर म्हणाले, राहील.
तिच्याखाली आता भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं,
आणि ते मागे चालतंय असा मला संशय आहे.

सकाळी फाटकाशी मी बोटं कानांवर धरून उभा असतो,
पोरं हसतात.
एक, दोन. फोम हळूहळू फुगतो, मळलेल्या पिठासारखा.
आठला समोरचा नळ जातो.
पंधराला शाळेची गाडी.
एकवीस-बावीसला चिमण्या, त्या चिवट.
जयमालाला माझी मोजणी पाठ झाली आहे.
ती अठ्ठावीसची वाट पाहते आणि म्हणते,
"येताना कपड्यांचा साबण."

एकोणतीस, तीस.
कान बंद.
कान नदी, निजामपूर, चढ, माळ,
सव्वीस किलोमीटर
आत फक्त साबण.