प्रत उघड

पुंता अरेनासला जूनमध्ये पाचच्या आत अंधार.
लोकरीच्या गोदामामागचं ऑफिस, एकच हीटर,
आणि एका संगणकात दोन आवृत्त्या.
जुनी उघडली की म्हणते, थांबा, मांडणी चालू आहे.
नवी उघडली की तीही तेच.
जी येते ती
आधीचीने लावलेले डबे पुन्हा लावत बसते.

जुनी काढून टाक, सांतियागोहून फोन.
एर्सिलियाबाई मान हलवतात.
ओयार्सोने लिहिलेला मॅक्रो नवीत मुका होतो,
मेंढ्यांच्या कानांवरच्या खुणा
नुसते चौकोन होऊन येतात.

मी दोन्ही उपटल्या.
आधी जुनी बसवली, मग नवी, वेगळ्या फोल्डरात.
जेवायला आधी थोरांना वाढतात, तसं.
चाळीस मिनिटं. वारा पत्रा वाजवत राहिला.

फाइल उघडली:
'ओयार्सो या फाइलवर काम करत आहेत.
तुम्हाला फक्त वाचता येईल.'

ओयार्सोला जाऊन हा तिसरा हिवाळा.
कुठल्याशा बंद पडलेल्या संध्याकाळी
मागे राहिलेली, लपलेली, दीडेकशे बाइटांची खूण.
पुसली की झालं.
मी कर्सर तिच्यावर नेला.

राहू दे, बाई म्हणाल्या.
प्रत उघड.