अंगवळणी

ही कीथ ऑर्मरॉड यांची.
मार्चमध्ये मी त्यांना वरची कवळी बसवून दिली
आणि जाताना त्यांनी गाडीच्या डिकीतून ही काढली,
कुत्र्याच्या जुन्या पांघरुणात गुंडाळलेली.
"बोटं वळत नाहीत आता," म्हणाले,
"आणि ही काही भिंतीवर टांगायची चीज नाही."
सात तारा. मी मोजल्या. परत मोजल्या.

सहा तारांवर माझी सव्वीस वर्षं गेली आहेत.
जाड तार कुठे, हे मला कधी बघावं लागलं नाही;
वीज गेल्यावरही घास तोंडातच जातो, तसा हात जायचा.

आता त्या जागेवर कोणी दुसरीच बसली आहे.
ई म्हणून हात टाकावा तर बी बोलते,
खोल, ओलसर, तळघरातल्या बॉयलरसारखी,
आणि मी दचकते.
हॅलिफॅक्सच्या या उतारावरच्या घरांना
बाहेरून मोजल्या तर बारा पायऱ्या,
अंधारात उतरताना तेरा.

मान रुंद, पाटासारखी.
अंगठ्याला मागून वर डोकावायची खोड होती,
मुल्लासर त्यावर पट्टी मारायचे.
जे पट्टीला जमलं नाही ते या लाकडाने केलं:
डोकावायला जागाच ठेवली नाही.
रात्री मनगटाला बाम. सकाळी त्याच मनगटाने
मेणात दाढा कोरायच्या.

खरी अडचण म्हणजे
न छेडलेली तारही वाजते.
मी खाली बारीक तारांवर काही नाजूक जुळवत असते
आणि वर हिची गुरगुर सुरू,
मांडवातल्या न बोलावलेल्या मामासारखी.
तळहाताच्या कडेने तिला गप्प धरायचं.
धरलंय हे लक्षात ठेवायचं,
आणि लक्षात न ठेवता धरायचं.

शनिवारी घरी आणलेले प्लास्टरचे जबडे
फळीवर सुकत असतात.
खर्ज लागला की सगळे एकदम
कटकट कटकट करतात, थंडीत उभे असल्यासारखे.
पलीकडून डोरीन सग्डन भिंतीवर चमचा वाजवते.
तिचाही एक जबडा त्यांत आहे, तिला सांगितलेलं नाही.

"तीन आठवडे द्या," मी रोज कोणाला तरी सांगते.
"जीभ सारखी तिकडे जाईल. जाऊ द्या.
मोठ्याने वाचा. सफरचंद चिरून खा."
किती सहज सांगते.
माझा आज एकेचाळिसावा दिवस.

इचलकरंजीत आम्हाला मागांची खटखट
ऐकू यायची नाही.
वीज गेली की मग ऐकू यायची:
आजी स्वयंपाकघरातून विचारायची, काय झालं?
इथल्या गिरण्यांत आता फ्लॅट आहेत.
कोणी काही विचारत नाही.

काल जुनीची एक तार बदलायची होती.
बदलली, सुरात लावली, सहज मांडीवर घेतली
आणि ई वाजवायला गेले तर ए वाजली.
पुन्हा गेले. पुन्हा ए.
तळहाताची कड वर काहीतरी शोधत होती,
तिथे नुसती हवा.
सव्वीस वर्षांची माझी गिटार,
हिची मान एवढीशी कधीपासून?
फळीवरचे जबडे गप्प.
मी तिला पेटीत ठेवलं, कुलपं लावली,
एक परत उघडून बघितलं.

आज ऑर्मरॉड आले तपासणीला.
"कशी आहे ती?" त्यांनी विचारलं.
म्हटलं, जुनी वाजवता येईना झालीय.
ते हसले, त्यांच्या त्या माझ्या दातांनी.
मग मी विचारलं, आणि तुमची?
"उत्तम," म्हणाले. "लागत नाही, हलत नाही.
फक्त जेवताना काढून ठेवतो."

मी हातमोजे चढवले, दिवा खाली ओढला.
बघू, म्हटलं. आ करा.