कडी आतून

गावाचं नाव सूर.
बायकोला फोनवर सांगितलं तर हसली,
म्हणाली, आरतीत कधी लागला नाही,
आता समुद्र ओलांडून गाठलात.

खाडीच्या तोंडाशी तुरुंग आहे.
म्हणजे होता.
शिळ्या भाकरीच्या रंगाच्या भिंती, अडीच हात जाड,
कैकं वर्षं रिकाम्या. कबुतरं,
आणि एक मांजर, तिला सगळे हवालदार म्हणतात.

माझ्या कागदावर काम एका ओळीचं :
दरवाजे बावीस. बाहेरच्या कड्या काढणे. आतून बसवणे.

पहिल्या दारावर रंधा फिरवला
आणि वास आला ओळखीचा.
साग. आमच्याच बाजूचा.
गलबतातून इथे उतरला असणार,
होडी व्हायची ती कुणाची तरी
कोठडीचं दार झाली.
मी भुसा मुठीत धरून उभा राहिलो थोडा वेळ.
सुपरवायझर कुंजुमोन ओरडला, मिस्त्री, जेवण झालं का?

गावाची बैठक अंगणातच भरली.
मी ठोकत होतो, कुंजुमोन अर्धं गाळून सांगत होता.
पालिकेला म्युझियम हवं :
मेणाचा शिपाई, मेणाचा कैदी, तिकीट तीनशे बैसा.
मच्छीमार म्हणाले, बर्फ ठेवू,
जूनमध्येसुद्धा या भिंती घाम येऊ देत नाहीत.
मग झुवैनाबाई उठल्या, शिवणवाल्या.
आमच्या आया, म्हणाल्या, दर गुरुवारी
डबे घेऊन त्या फाटकाबाहेर बसायच्या, उन्हात.
डबा आत जायचा, त्या नाही.
पुष्कळ बसलो बाहेर.
कुणी काही बोललं नाही.
कॉफीची किटली दोनदा फिरली.

तर खाली तीन खोल्यांत बर्फ.
वर शिवणयंत्रं, आणि एका टोकाला
परीक्षेच्या पोरांसाठी टेबलं,
कारण इथेही घरात माणसं जास्त नि कोपरे कमी.
मेणाचा शिपाई कुठे गेला, माहीत नाही.

नऊ नंबरच्या दाराला शेवटचा स्क्रू पिळत होतो
तेव्हा म्हातारा आला, काठी टेकत.
हमूद. सगळे बाजूला झाले त्याच्यासाठी,
म्हणून मला कळलं.
तो आत गेला.
दार लोटलं.
कडी लावली.

आम्ही बाहेर.
पाच मिनिटं. दहा.
कुंजुमोनला घाम फुटला, दार फोडू म्हणाला.
मी म्हटलं, फुटायचं नाही, साग आहे.
आतून काहीच आवाज नाही,
खोकलासुद्धा नाही.

मग खट्.
म्हातारा बाहेर आला, माझ्याकडे बघून काही बोलला.
काय म्हणतो? मी विचारलं.
म्हणतो, कुंजुमोन म्हणाला, कडी जरा घट्ट बसते.
तेल घाल.

घातलं.

जुन्या कड्या भंगारात गेल्या, किलोच्या भावाने.
दाराच्या बाहेरच्या अंगाला चार-चार भोकं उरली.
लांबी भरली, घासली, रंग दिला,
तरी बोट फिरवलं की कळतंच.

रात्री कॅम्पात परततो.
एका खोलीत सहाजण, तीन मजली खाटा,
दाराला कडीची जागा आहे, कडी नाही.
दिवसभर दुसऱ्यांच्या बसवल्या,
आपल्या दाराशी हत्यारांची पेटी सरकवून झोपतो.
बायकोला हे सांगितलेलं नाही.

मागच्या आठवड्यात बिजागरी कुरकुरते म्हणून बोलावणं आलं.
नऊ नंबरच्या बाहेर चपलांचा एक जोड,
छोटा, पट्टा तुटून पिनेने जोडलेला.
मी सवयीने दार ढकललं.
उघडलं नाही.
मग पहिल्यांदाच त्या दारावर ठोठावलं, हळू.

आतून एका मुलीचा आवाज आला, चिडलेला,
गणितात अडकलेला :
थांबा.

थांबलो.