बर्फाच्या वहीची मागची पानं

गुरुवारी रात्री साडेअकराला
कॉम्प्रेसरचं इम्तियाजला बघायला सांगून
मी पाण्याच्या टाकीची शिडी चढतो.
खाली नाट्याची जेटी, एकमेकांना टेकून झोपलेले ट्रॉलर,
पलीकडे यशवंतगडाचा काळा गठ्ठा.
रेडिओ टाकीच्या झाकणावर. एरियल दक्षिणेला,
थोडं समुद्राच्या अंगाला कललेलं,
आणि त्याला हात लावून तसंच उभं राहायचं.
हात काढला की गोवा जातो.

समुद्र निपचित असला तरच येते ती.
पौषात येते, माघात येते,
सव्वाशे किलोमीटर पाण्यावरून घसरत.
बेनेडिक्ता लुद्रिक, एक तास, जुनं आणि नवं,
‘जे दुसरं कुणी लावत नाही ते.’

पहिल्यांदा सापडली ती चुकून.
मी वाऱ्याचा अंदाज शोधत होतो
आणि मिळाला एक माणूस, जो गात नव्हताच,
उधारी मागायला आल्यासारखा दारात उभा राहून बोलत होता,
मागे गिटार, गंजक्या कप्पीसारखी.
मला आवडलं नाही.
पुढच्या गुरुवारी मी सव्वाअकरालाच वर होतो.

अडचण एकच.
गाणं संपतं, ती नाव सांगायला तोंड उघडते
आणि नेमकी तेव्हाच खरखर.
मग नावं मीच ठेवली.
बर्फाच्या वहीत पुढून लाद्या, मागून गाणी:
‘भरतीत विसरलेली बादली.’
‘दोन बायका, एक ढोल, कुणालाच घाई नाही.’
‘सासरा आजारी’ (हे नवं. ऐजॉलच्या कुणा पोरीचं, एवढंच ऐकू आलं.)
‘मुरी.’ नुसतंच मुरी. मागे हृदय असं दोनदा लिहून खोडलंय.

एका माघात आवाज लख्ख आला.
म्हणाली, हे चौऱ्याऐंशी सालचं.
कुठल्याशा थंड बंदरात, मासळीच्या गोदामात
पाच जणांनी वाजवलं, तीनशे प्रती काढल्या, पांगले.

चौऱ्याऐंशी.
मी वीस वर्षांचा, ह्याच कारखान्यात,
आकड्याने लाद्या ओढायचो,
संध्याकाळी घास घ्यायला बोटं वळायची नाहीत.
म्हणजे हे होतं. तेव्हाही होतं.
मी इथे, ते तिथे,
आणि मधे कुणी एरियल धरून उभं नव्हतं.

अश्फाक सोलकर बोटीचा बर्फ न्यायला आला, वही चाळली, हसला.
काका, मोबाईलवर सगळं गावतं. गुणगुणा.
मी ‘बादली’ गुणगुणलो. मला गुणगुणता येत नाही.
तिसऱ्या खेपेला मोबाईलला पटलं.
नाव आलं, साल आलं, विस्कटल्या केसांच्या चौघांचा फोटो आला.
मग त्याने ते लावलं. अख्खं, स्वच्छ,
कुठे म्हणून कुसळ नाही.
मी ऐकत राहिलो, काय कमी आहे ते शोधत.
नाव बरं होतं. वहीत नाही लिहिलं.

चैत्र सरता सरता हवा जड होते,
एखादाच गुरुवार हाती लागतो.
त्या रात्री शिडी वाजली. अश्फाक.
काय लावतेय आज?
म्हटलं, बोलू नको, हे धर. तुझा हात लांब आहे.
त्याने धरलं आणि गोवा असा आला
जसा जेटीच्या टोकाला उभा राहून हाक मारतोय.
एक बाई, एक पेटीसारखं काहीतरी,
आणि मागे कुणीतरी सावकाश जिना उतरत असल्यासारखा ड्रम.
अश्फाकचं तोंड उघडं राहिलेलं, अंधारातही कळलं.

संपलं. तिने नाव सांगितलं.
स्पष्ट, दोनदा.
पण ती इंग्रजीत भरभर बोलते, त्यात त्याचं लक्ष नव्हतं.
काय म्हणाली, काका?
खरखर होती, मी म्हटलं. तूच ठेव.

बराच वेळ गेला. एरियल त्याने सोडलं नाही.
मग म्हणाला:
‘डिझेल संपलं, पण किनारा दिसतोय.’

खाली उतरून आधी ते लिहिलं, मागून.
मग पुढून, त्याच्या नावावर,
अठरा लाद्या. उधार.