कडेकडेनं

दुकानातली मुलगी, यिल्डौ, काउंटरवर तीन नमुने मांडते:
कागद, कॅनव्हास, आणि हातानं रंगवलेली नक्कल,
जिची किंमत ती जरा खालच्या आवाजात सांगते.
"मूळ चित्र याहून लहान आहे," म्हणते,
"पण लोक मोठं करून नेतात. सोफ्याच्या मापाचं."

आमचा सोफा खिडकीखाली आहे.
मोकळी भिंत आहे ती स्वयंपाकघरात,
बोटीच्या कंपनीचं कॅलेंडर जिथं वर्षानुवर्षं लटकलं
आणि काढल्यावर एक पांढरा चौकोन उरला,
बाकी भिंत पिवळी.

मी फ्रानेकरला पूल उघडायचो. एवढीच माझी नोकरी.
बोट आली की फाटक पाडायचं, पूल उचलायचा,
मग गळाच्या काठीला बांधलेला लाकडी जोडा
टोलच्या नाण्यांसाठी खाली सोडायचा.
शीड लांबून दिसलं की मी बोट ओळखायचो.
वित्स्के दुपारी डबा घेऊन यायची,
तिला माणसांचे चेहरे लागायचे.

गेल्या हिवाळ्यात चेहरे गेले.
डॉक्टरांनी कागदावर एक घर काढलं
आणि त्याचा मध्य खोडरबरानं पुसला. असं, म्हणाले.
मधलं जातं, कडा राहतात.
आता ती माझ्याशी बोलते माझ्या कानाकडे बघत
आणि मी अजूनही वळून पाहतो, मागे कोण आलं.

म्हणून मी ठरवलं होतं, समुद्र घ्यायचा.
भलंमोठं आभाळ, खाली चिमूटभर जहाजं.
आभाळाला कुठं मध्य असतो?
तिला कसं सुचवायचं, तेही बसमध्ये घोकून ठेवलं होतं.

ती मान तिरकी करत चित्रांवरून फिरली,
कोंबडी दाणा बघते तशी
(उपमा तिचीच, माझी हिंमत नाही)
आणि थांबली, दूध ओतणाऱ्या बाईपाशी.

त्यात तर सगळं मधोमध.
पिवळी चोळी, निळा एप्रन, कललेलं भांडं,
आणि ती धार, जी बघायला लोक अ‍ॅम्स्टरडॅमला रांग लावतात.
मी म्हणालो, वित्स्के, हे...
आणि पुढचं गिळलं.

"खिडकीची एक काच फुटलीय," ती म्हणाली.
मी वाकलो. फुटली होती.
"वर भिंतीत खिळा आहे. नुसताच. काही टांगलेलं नाही."
होता. मुंगीएवढा, स्वतःची सावली धरून.
"खाली पाय शेकायची पेटी. आत निखाऱ्याचं मडकं.
आणि त्या फरशांमधल्या एकीवर
कुणीतरी काठी घेऊन निघालाय."

हे चित्र मी शाळेपासून पाहतोय,
बिस्किटांच्या डब्यावर, दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत.
मी फक्त दूध पाहिलं होतं.

"आणि मध्ये?" विचारून बसलो, मग जीभ चावली.
"मध्ये धुकं. थोडं पिवळं, थोडं निळं.
ओततेय ना अजून?"
"ओततेय."
"मग झालं. ते तू बघ."

यिल्डौनं विचारलं, चकाकी हवी?
नको. चकाकी तिच्या डोळ्यांना टोचते.
हातानं रंगवलेली नक्कल मी तरी पुन्हा एकदा उचलली;
इतकी महाग आहे म्हणजे काहीतरी असेल.
त्यात खिळा नव्हता.
रंगवणाऱ्याला वाटलं असेल, हे काय काढायचं.

तेव्हा कागद. मूळ मापाचा. साधी काळी चौकट.
बसमध्ये ती मांडीवर आडवा धरून बसली,
कंडक्टर नाही, कुणी नाही,
तरी कडा सारख्या बोटांनी चाचपत.

पांढऱ्या चौकोनावर तिनं लावूच दिलं नाही.
"दाराशी लाव. डावीकडे. अजून.
मी खुर्चीत बसून चुलीकडे बघेन, तेव्हा ते दिसेल."
हातोडी घेऊन मी तिकडे ठोकलं,
आणि परत येऊन कॅलेंडरचा जुना खिळा उपटायला लागलो.

"राहू दे तो," वित्स्के म्हणाली,
माझ्या कानाकडे बघत.