पाव फेरा

खोकं सकाळीच आलं, पण उघडायचं नाही.
बाहेर उणे सव्वीस. आणणाऱ्या पोराच्या भुवया पांढऱ्या.
"लाकडाला आधी घरात येऊ दे," सेन्या म्हणाली,
"पाहुण्याची हाडं कुणी दारातच तपासत नाही."
तेव्हा दिवसभर ते कोपऱ्यात भिंतीला टेकून,
आणि मी त्याच्याभोवती घिरट्या घालतोय
एकसष्टाव्या वर्षी, पायात नुसते मोजे.

कागद गिरणीनं निरोपाला दिलेल्या पैशांतला
हा शेवटचा तुकडा.
बाकीचा छपरावर गेला. दातांवर गेला.

रात्री दहाला सुरी घेतली.
कुठल्या तरी दमट देशातून आलेला हा बेस,
रंग पिकल्या जर्दाळूचा,
आणि मानेवरून हात फिरवला तर
फ्रेटची टोकं तळव्याला चावली.
लाकूड आक्रसलं होतं. धातू कशाला आक्रसेल?

जाड तार छेडली.
तिसऱ्या घरात ती
पत्र्याच्या डब्यातल्या माशीसारखी.
बारीक तार उलट इतकी उंच
की बोट खाली पोचेपर्यंत टँगो संपला असता.
सेन्या दारात येऊन म्हणाली, "परत पाठव."
मी म्हटलं, "थांब."

चौतीस वर्षं मी बेअरिंगांचं ऐकलं.
स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राच्या अंगाला,
मूठ कानाला,
आणि सांगायचो, तिसऱ्या रोलरची डावी बाजू,
फार तर मंगळवारपर्यंत टिकेल.
माझं कुणी लिहून घेत नसे. यंत्र बुधवारी बंद पडे.

जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबली,
मधल्या फटीत गिरणीचं ओळखपत्र सारून पाहिलं.
फटच नाही.
मान ताठ, ताठाहून ताठ, किंचित मागे कललेली,
कौतुक ऐकताना माझा बाप उभा राहायचा तशी.

म्हणजे आतली सळई सैल करायची.
सैल!
माझा हात जन्मभर आवळणारा.
किल्ली उजवीकडेच वळू पाहत होती,
मी मनगटाला मनगटानं धरलं.
डावीकडे पाव फेरा. करकर झाली,
पोटात गोळा आला.
मग काही करायचं नाही, एवढंच करायचं.
दिवा मालवला. झोप आली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी ओळखपत्र आत सरकलं.
फोटोतल्या माझ्या कपाळापर्यंत, त्यापुढे अडलं.

मग कानस, टोकांवरून, अगदी हलकी,
ताटलीभर चमकता भुगा.
मग घोडी: बारीक तारेचा खोगीर खाली,
दीड फेरा, पुन्हा अर्धा वर.
बाराव्या घरात सूर चढा लागत होता,
सेन्या अकॉर्डियन घेऊन बसली, एकच पट्टी दाबून,
डोळे मिटून.
"मी हलणार नाही," ती म्हणाली, "तूच मागं सर."
खरंच आहे. अकॉर्डियनला खुंट्या नसतात,
आणि तिलाही.
मी केसभर मागं सरलो, आणखी केसभर,
आणि दोन सुरांमधली ती लाट
मंद होत होत
निजली.

जाड तारेत थोडी खरखर उरली आहे.
काढता आली असती.
काढून पाहिली, तेव्हा तार
ओल्या लोकरीसारखी बोलू लागली.
म्हणून परत ठेवली. ही जवारी माझी.

शनिवारी नाचघर.
शेगडी लोक आल्यावरच पेटवतात, पैसे वाचतात.
बायका बाकावर बसून बूट बदलतायत,
ताउनो ढोलाच्या कातड्यावर फुंकर मारतोय,
आणि पहिल्याच सुराला
माशी परत डब्यात.

ताठ झाली पुन्हा, गारठ्यानं.
किल्ली खिशातच होती.
मी पाठ वळवून, भिंतीकडे तोंड करून,
लघवीला उभ्या माणसासारखा,
पाव फेऱ्याचाही पाव दिला.

"झालं का?" सेन्यानं पट्टा खांद्यावर घेत विचारलं.

आत्तापुरतं, म्हटलं.