सोन्यापासून थोडं वर

मी फक्त हेलियम भरतो.
दर तिसऱ्या दिवशी, कीलच्या त्या तळघरात
जिथे खिडकी नाही,
आणि डिसेंबरात असती तरी
चारनंतर तिच्यातून काय दिसणार होतं.

पोलादी पिंपाच्या पोटात
नखाएवढा सोन्याचा तुकडा.
त्यावर रेणू, ओळीने निजवलेले.
फ्राउके सांगते, उजेड पडला
की हे गुडघा दुमडतात.
बाटलीत दुमडतात, द्रावात दुमडतात.
सोन्यावर नाही.

तीन महिने तिने निळा उजेड पाडला.
तीन महिने मी थंडी ओतली,
शून्याखाली दोनशे अडुसष्ट,
म्हणजे कुणी उगाच थरथरायला नको.
रेणूला उजेड कळायच्या आत
सोनं तो गिळून मोकळं.
सोन्याला इतकं लगटून बसल्यावर
कोण हलतं, सांगा.

"एक जरी वाकला ना, मोमे,
तर सोन्याहून पिवळं,"
म्हणाली, आणि स्वतःच हसली,
निवलेल्या कॉफीत चमचा तसाच.

मग तिने त्यांना पाय लावून घेतले.
चार-चार, गुबगुबीत, कार्बनचे,
चौरंगाला असतात तसे.
उंची किती? केसाचे लाख भाग करा,
त्यातल्या एकाहूनही कमी.
तेवढं अंतर पुरलं.

मंगळवारी पहाटे पडद्यावर
एका रेणूच्या टोकाला उजळ गाठ आली.
पुन्हा उजेड. गाठ गेली.
पुन्हा. आली.
फ्राउके ओरडली नाही.
तिने पडद्यावर बोट ठेवलं,
उचललं तेव्हा काचेवर
ठसा तेवढा राहिला.

मी घरी आलो.
जिन्याजवळ गेशेचं चित्र असायचं,
शिडाच्या होडीचं. जाताना ती घेऊन गेली.
तेवढ्या चौकोनात भिंतीचा कागद
अजून गर्द हिरवा,
भोवतीचा पार ताकासारखा.
बावीस वर्षं दुपारचं ऊन
तिथे कामाला येत होतं,
थंडी न मागता, नोंद न ठेवता,
आणि आम्ही त्याच जिन्यावरून
भांडत वर जायचो, भांडत खाली.

आता चौकोनाचीही पाळी.
पडदा ओढायला हात गेला होता.
मग म्हटलं, राहू दे.

हे फ्राउकेला सांगितलं नाही.
तिच्याकडे आलेख होते, झोप नव्हती.
मी नळी जोडली, वाफ निवेपर्यंत थांबलो,
वहीत लिहिलं:
शुक्रवार. चार लिटर.
गळती नाही.